वाटेवरची जोडपी

वेळापूरच्या देवळाचे नाव आणि त्या देवळातील मूर्ती यांचे आपसात जमत नाही, असे मी म्हटले तर तेथील ग्रामस्थांना ते रुचणार नाही. आणि त्यांना दुखवावे असा माझा हेतूही नाही. सारा माळशिरस तालुका त्या देवाला अर्धनारीनटेश्वर म्हणतो. एकाच देहाचा उजवा भाग पुरुषाचा आणि डावा स्त्रीचा, असे रूप त्या नावासरशी डोळ्यांपुढे उभे राहते. प्रत्यक्ष गाभाऱ्याशी गेले की अर्धे असे कोणीच दिसत नाही. शिव आहे, पार्वती आहे. दोघे एकमेकांना लागून आहेत आणि दोघेही पुरते आहेत. मूर्तिशास्त्राचे अभ्यासक अशा शिल्पाला हरगौरी किंवा उमामहेश्वर म्हणतील. नाव एका देहाचे आणि मूर्ती दोघांची, एवढ्या विसंगतीपाशी आम्ही उभयता तासभर थबकलो. तिच्याविषयी लिहावे म्हणून लेखणी हाती घेतली, तेव्हा ध्यानात आले की त्या गाभाऱ्यापर्यंतचा रस्ता सांगितल्यावाचून ही गोष्ट सांगता येणार नाही.

आजवर मी या पानांतून पुस्तकांविषयीच लिहिले. रस्त्याचे परीक्षण करावे असे कधी मनात आले नव्हते. परंतु देऊळ, पुतळा, बाग, कुंड, एखादी विक्षिप्त कमान अशा ज्या गोष्टी माणसांनी रस्त्याकडेला मांडून ठेवलेल्या असतात, त्याही कृतीच आहेत. वाटसरूला थांबवणे हा त्यांचा उद्देश. तो कितपत साधला, आणि थांबलेल्याच्या पदरात त्या काय टाकतात, हे विचारण्यास समीक्षकाला कोणी मनाई केलेली नाही.

प्रवासाचे निमित्त साधे होते. सोलापुरात नात्यातले लग्न होते. वसईहून निघून पुण्यास मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या महामार्गाने थेट सोलापूर गाठावे, असा माझा बेत. पत्नीने तो ऐकून घेतला आणि म्हणाली, "अहो, या खेपेला सासवडवरून जाऊ. दोन दिवस हाताशी आहेत. आणि मी सांगेन तिथं गाडी थांबवायची." या अटीमागे चौतीस वर्षांचा इतिहास आहे. गाडी मी चालवतो, आणि चालवताना मला मुक्काम दिसतो, वाट दिसत नाही. तिला वाटेवरचे सारे दिसते. तिने बोट दाखवावे, मी "परत येताना बघू" म्हणावे, आणि परत येताना रात्र झालेली असावी, असे आमच्या संसारात किती वेळा घडले याची गणती तिच्यापाशी आहे. माझ्यापाशी नाही, आणि ती नसणे हाच तिचा आक्षेप आहे.

तेव्हा अट मान्य केली. सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर आणि पंढरपूर असा हा रस्ता. आषाढात ज्ञानेश्वर माऊलींची पालखी यावरून जाते. त्याचे चौपदरीकरण हाती घेण्यात आले असून नोव्हेंबर २०२१ मध्ये पायाभरणीचा समारंभ झाला. रस्ता रुंद झाल्याने वारकऱ्यांची सोय होते हे निर्विवाद. पण रुंद रस्त्याला एक खोड असते. तो गावाला वळसा घालतो, आणि ज्याला थांबायचे नाही अशा माझ्यासारख्याची बाजू घेतो.

रस्त्याकडेच्या नवलाईला जगात मोठे स्थान मिळाले ते अमेरिकेत, मोटार घरोघरी पोहोचल्यावर. तिथला एक दाखला आपल्या वाचकांना आवडेल. टेड हस्टेड नावाचा औषधविक्रेता आणि त्याची पत्नी डोरोथी दुकानासाठी गाव शोधत होती. गाव लहान असावे आणि तिथे कॅथलिक चर्च असावे, एवढीच त्यांची अपेक्षा. १९३१ साली त्यांनी साउथ डकोटातील वॉल नावाच्या उजाड गावातले दुकान घेतले. पाच वर्षे झाली तरी गिऱ्हाईक येईना. १९३६ च्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी डोरोथी आडवी झाली, पण हमरस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींच्या आवाजाने तिला झोप लागेना. तिच्या मनात आले, या माणसांना या उन्हात काय हवे असेल? बर्फाचे पाणी. ते फुकट द्यावे आणि तशा पाट्या रस्त्यावर लावाव्यात, ही कल्पना तिची. टेडने पाट्या रोवल्या आणि तो दुकानात परतेपर्यंत गाड्या वळू लागल्या होत्या, असे सांगतात. पुढे त्या दुकानाभोवती नाना चमत्कारिक गोष्टींचा बाजार उभा राहिला. मुळाशी मात्र कुणाची तरी तहान ओळखणारी एक बाई होती. वाटेवरच्या कुठल्याही नवलाईला लावण्याजोगी ही कसोटी आहे असे मला वाटते: ती मांडणाऱ्याने वाटसरूची काही तहान ओळखली आहे, की त्याला नुसतेच थांबवले आहे?

पहिला थांबा जेजुरीचा. खंडोबाचा गड, भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या पायऱ्या, अंगणातले मोठे पितळी कासव, दसऱ्याला हातांवर तोलला जाणारा सुमारे बेचाळीस किलोंचा खंडा, हे सारे पाहण्यासारखे आहेच. पण माझी पत्नी पायऱ्यांच्या तळाशीच थांबली. नवविवाहित जोडप्यांची तिथे रीघ होती. नवऱ्याने नवरीला उचलून निदान पाच पायऱ्या तरी चढायच्या, अशी इथली रीत. एक किडकिडीत नवरदेव तिसऱ्या पायरीवर लटपटला, नवरीने कठड्याला हात घातला, आणि दोन्हीकडच्या वऱ्हाडात असा हशा पिकला की त्या दोघांनाही हसू आवरेना. पाहणाऱ्यांत हसला नाही असा एकही माणूस नव्हता. मला हा विधी फार चांगला रचलेला वाटतो. भार वाहण्याचे वचन शब्दांनी देणे सोपे असते. इथे ते गुडघ्यांनी द्यावे लागते, तेही चारचौघांत आणि फजितीचा धोका पत्करून. दोष एवढाच, की उचलणारा नेहमी तोच. हे मी बोलून दाखवले तेव्हा पत्नी म्हणाली, "ती त्याला पुढं चाळीस वर्षं उचलणार आहे. पाच पायऱ्या त्याला चढू द्या की."

खंडोबाचा संसार दोन बायकांचा. म्हाळसा देवाशेजारी आहे. धनगरांची बाणाई गडाच्या अर्ध्या वाटेवर. चढताना तिचे देऊळ लागते आणि बहुतेक लोक तिथे क्षणभरच टेकतात. लोकांच्या कल्पनेने घरातले भांडण डोंगराच्या उंचीवर वाटून दिले आहे. कुठल्या नाटककाराला इतका नेमका रंगमंच सुचला असता की नाही, शंकाच आहे.

नीरेचे पात्र ओलांडून लोणंदवरून फलटणला आलो. निंबाळकरांची ही राजधानी आणि शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई यांचे माहेर. राममंदिर, जुना वाडा आणि जबरेश्वराचे कोरीव देऊळ आम्ही पाहिले, पण तिथे आमची चर्चा चालली होती ती वेगळीच. मी मागल्या सीटवर काही प्रवासवर्णने टाकून आणली होती. पत्नीने विचारले, "यातल्या किती पुस्तकांत नवरा-बायको बरोबर प्रवास करतात?" मी उत्साहाने नावे सांगू लागलो. मग तिने दुसरा प्रश्न विचारला: "आणि बायकोला काय दिसलं ते किती पुस्तकांत लिहिलंय?"

मराठी प्रवासवर्णनाचा आरंभच मुळी बायकोला घरी ठेवून झाला आहे. गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत गेले, त्यांचे 'माझा प्रवास' हे अजोड पुस्तक १९०७ साली छापून आले. त्यात घर मागे राहिलेले आहे, आणि त्या काळी ते तसेच असणार. शतकभराने पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' आले, १९६० साली. इथे पत्नी बरोबर आहे. मराठी मध्यमवर्गाला या पुस्तकाने जग पाहण्याची एक हसरी रीत शिकवली, आणि मी स्वतः ती त्यातूनच शिकलो. त्यामुळे जे म्हणतो आहे ते कृतघ्नपणाने म्हणत नाही. त्या पुस्तकातला 'आम्ही' फार प्रेमळ आहे. मात्र त्या 'आम्ही'च्या पोटात दोन निरनिराळ्या नजरा होत्या, हे वाचकाला नीट कळले ते तीस वर्षांनी, १९९० मध्ये, सुनीताबाईंचे 'आहे मनोहर तरी' प्रसिद्ध झाल्यावर. त्या वेळी अनेकांना ते पुस्तक रुचले नाही. आमच्या वाचक मंडळातही एका ज्येष्ठ सभासदांनी घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणल्याचा आरोप केला होता, आणि मीही मान डोलावली होती. आज वाटते की आमचा राग वेगळ्याच कारणाने होता. ज्या जोडप्याला आम्ही एकच देह समजून बसलो होतो, त्याच्या दुसऱ्या भागाला स्वतःचे डोळे निघाले, हे आम्हाला सोसले नाही.

मी आजवर कितीतरी प्रवासवर्णनांची परीक्षणे केली. शैली पाहिली, निरीक्षण पाहिले, विनोद पाहिला. बरोबरच्या माणसाला काय दिसले, हा प्रश्न एकदाही विचारला नाही. ही उणीव लेखकांच्या आधी माझी आहे.

नातेपुत्यापाशी शिखर शिंगणापूरकडे जाणारा फाटा आहे. ऊन चढले होते, तरी अट पाळून गाडी वळवली. तेथील शंभू महादेवाचे लग्न चैत्र शुद्ध अष्टमीला लागते. महादेवाच्या कळसापासून बळीच्या देवळाच्या कळसापर्यंत लांबच लांब पागोटे ताणून बांधतात, आणि खेड्यापाड्यांतून खांद्यावर आणलेल्या कावडी मुंगी घाटाचा उभा चढ चढून येतात. आम्ही गेलो तेव्हा यात्रा नव्हती. दोन कळस आणि मधली मोकळी जागा एवढेच दिसले. पण रिकाम्या अवकाशातून ते कापड मनाने ताणून पाहता येत होते. इथे देवांचे लग्न हे एक अंतर आहे आणि दर वर्षी ते हातांनी सांधावे लागते.

माळशिरसहून आम्ही अकलूजला गेलो, कारण तेथील शिवसृष्टीची पाटी पत्नीने लांबूनच पाहिली होती. नीरेच्या काठचा जुना भुईकोट किल्ला आणि त्यात शिवचरित्रातील प्रसंगांची उभी केलेली नवी शिल्पे. रस्त्याकडेचे आकर्षण म्हणतात ते हेच. शाळेची एक सहल आली होती आणि मुले प्रसंग ओळखून ओरडत होती. माझे मत सांगतो. या शिल्पांतले वीर सदैव आवेशात असतात. प्रत्येक प्रसंगाचा तोच एक क्षण निवडलेला, जो पाठ्यपुस्तकाच्या चित्रात आधीच पाहिलेला आहे. किल्ल्याची झिजलेली तटबंदी मात्र काहीच न बोलता त्यांच्यापेक्षा अधिक सांगते. माणूस इथे येतो, ओळखीचे ओळखतो आणि छायाचित्र घेऊन जातो. डोरोथी हस्टेडची कसोटी लावली तर इथे मला पाणी मिळाले नाही.

तिथून वेळापूर जवळच आहे. तिसऱ्या प्रहरी पोहोचलो.

गाव ऊस आणि बाजाराचे, इतर चार गावांसारखे. देऊळ मात्र यादवकाळातले. काळा दगड, दगडात दगड बसवून केलेली हेमाडपंती बांधणी, समोर पायऱ्यांचे कुंड, आणि आवारात मांडून ठेवलेले वीरगळ. यादव राजा रामचंद्राच्या काळातले, इ.स. १३००च्या सुमाराचे शिलालेख या गावी आहेत, आणि देवगिरीचे राज्य तेव्हा शेवटच्या घटका मोजीत होते हे लक्षात घेतले की त्या दगडांकडे पाहताना मन जरा थांबते. वीरगळांवर लढणारा, पडणारा आणि स्वर्गात पोहोचलेला वीर खालून वर अशा पट्ट्यांत कोरलेला असतो. गावोगावच्या कुणा अनाम माणसाचे मरण असे उभे करून ठेवलेले. अकलूजच्या आवेशानंतर हे वीरगळ पाहणे हा त्या दिवसाचा एक धडा होता. हे शिल्पकार काही सांगण्याची घाई करत नाहीत.

गाभाऱ्यात अंधार होता. पुजाऱ्याने दिवा पुढे केला. मी मनात अर्धनारीची प्रतिमा घेऊन गेलो होतो, त्यामुळे पहिली काही क्षणे मी उजवा भाग आणि डावा भाग शोधत राहिलो. पत्नी मागून म्हणाली, "अहो, हे तर दोघं आहेत."

बाहेर नारळ विकणाऱ्या आजींना तिने विचारले. त्यांना या प्रश्नात विचारण्याजोगे काय आहे तेच कळेना. "दोघंच की," त्या म्हणाल्या. "चैतात लगीन लागतंय त्यांचं. एकट्याचं कसं लागंल?"

या उत्तराला माझ्याजवळ जोड नाही, पण समीक्षकाने आपले काम केले पाहिजे. अर्धनारीश्वराचे सर्वोत्तम शिल्प आपल्या मुंबईशेजारी, घारापुरीच्या लेण्यात आहे. त्रिमूर्तीच्या एका बाजूला गंगाधर आणि दुसऱ्या बाजूला नंदीवर रेललेला, अर्धा पुरुष अर्धा स्त्री असा तो विशाल देह. पोर्तुगीज काळापासून त्या लेण्याची बरीच हानी झाली, तरी त्या देहाची लय अजून टिकली आहे. विरोधी तत्त्वे एकात सामावल्याचा तो आविष्कार भव्य आहे. पण घारापुरीच्या शिल्पकारांनी एक गोष्ट जाणली होती. त्यांनी त्याच लेण्यात शिवपार्वतीच्या विवाहाचे शिल्प वेगळे कोरले. तिथे पार्वती लाजून मान लववून उभी आहे आणि शिव तिच्या शेजारी आहे. दोन देह, दोन तोल. लग्न दाखवायचे तर त्यांना दोघे लागले.

कारण अर्धनारीश्वरात एक उणीव आहे, आणि ती शिल्पकाराच्या हातची नव्हे, त्या कल्पनेच्या पोटातली आहे. अर्ध्याला अर्धे दिसत नाही. एकाच चेहऱ्याचे दोन डोळे एकाच दिशेला पाहतात. एक डोळा दुसऱ्याला कधी पाहू शकत नाही. त्या रूपात सामंजस्य पूर्ण आहे, पण भेट नाही. वेळापूरच्या मूर्तीत मात्र दोघांना एकमेकांकडे वळता येईल एवढी जागा शिल्पकाराने ठेवली आहे. शिल्प म्हणून ती घारापुरीच्या पासंगालाही पुरणार नाही, हे कबूल. तरी दोन्हींतून एक निवड असे कोणी म्हटले तर मी हल्ली वेळापूरची निवडीन.

इथे मला एक कबुली द्यावी लागते. आमच्या धर्मग्रामात विवाहपूर्व मार्गदर्शनाची शिबिरे होतात, आणि गेली कित्येक वर्षे त्यांत एक व्याख्यान माझ्याकडे असते. उत्पत्तीच्या पुस्तकातील पती-पत्नी एकदेह होण्याच्या वचनावर मी बोलतो. तरुण मुले-मुली मान खाली घालून ऐकतात. एकदेह म्हणजे एक मत, एक वाट, एक मुक्काम, असा अर्थ मी त्यांना न कळत देत आलो, आणि गाडी कोण चालवणार हा प्रश्न त्यात आपोआप सुटत असे. वास्तविक त्याच अध्यायात, त्या वचनाच्या अगोदर, पुरुषाला मिळणाऱ्या सोबतिणीसाठी जो हिब्रू शब्दप्रयोग आहे, त्यात 'त्याच्या समोरची' असा अर्थ आहे. आधी समोर कोणीतरी हवे. एकदेह ही त्यानंतरची गोष्ट. हे मला पुस्तकातून माहीत होते. वेळापूरच्या अंधाऱ्या गाभाऱ्यात ते प्रथम दिसले.

मग देवाला अर्धनारी हे नाव कशासाठी? गावाने ते का धरले असावे, याचा मी विचार करत होतो. नाव भारदस्त आहे आणि उच्चारायला गोड आहे. पण मला वाटते, दूरून पाहणाऱ्याला सगळीच जोडपी एकजीव दिसतात. नाव रस्त्यावरून ठेवलेले असते आणि मूर्ती गाभाऱ्यातून पाहावी लागते. आपल्या समाजातल्या कित्येक थोर दांपत्यांची चरित्रे अशीच रस्त्यावरून लिहिलेली आहेत.

माळशिरसकडून वेळापूरला येताना उतारावर वारीतला 'धावा' होतो. तुकाराम महाराजांना इथल्या टेकडीवरून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. आषाढात हजारो वारकरी त्या उतारावरून नामाचा गजर करत धावतात. सोहळ्याचे त्या रात्रीचे मुक्कामाचे गाव वेळापूरच. पंढरपूर इथून तीसेक किलोमीटर. एवढ्या अंतरावरचा कळस दिसतो कसा, असा प्रश्न विचारणारा माणूस वारीला जातच नाही. माझ्या मनात दुसरेच आले. तुकोबा धावत सुटले, आणि देहूला जिजाई होती. मी हे म्हटल्यावर पत्नी गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहत राहिली. नंतर म्हणाली, "ती असती तर म्हणाली असती, जरा सावकाश, मलाही बघू दे."

पुढे तोंडले-बोंडले नावाची जुळी गावे लागतात. नावांचीच गंमत, थांबलो नाही. थांबायला तिने सांगितले नाही, हे नमूद करतो.

पंढरपुरात या रस्त्यावरचे शेवटचे जोडपे आहे, आणि ते एकत्र नाही. विठ्ठलाच्या गाभाऱ्यात रुक्मिणी नाही. तिचे मंदिर मागे, वेगळे. कथा सर्वांना ठाऊक आहे. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली, तिला शोधत देव आले, आणि वाटेत पुंडलिकाच्या दाराशी त्याने फेकलेल्या विटेवर थांबले ते आजतागायत. म्हणजे ज्या देवासाठी महाराष्ट्र चालत जातो, तो स्वतः बायकोची समजूत काढायला निघालेला आणि वाटेत थांबलेला एक प्रवासी आहे. तिच्यासाठी निघाला आणि दुसऱ्यासाठी थांबला, म्हणून तिचा रुसवा अजून संपला नसेल तर तिला दोष कोण देईल? या रस्त्यावरच्या सगळ्या कृतींत मला ही कथा सर्वांत धीट वाटते. तिने भांडण मिटवले नाही. त्यावर मंदिर बांधले.

याच पंढरपुरात आणखी एका पत्नीने दुराव्याचे दिवस काढले. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसाराची ताटातूट झाली. त्यातला काही काळ लक्ष्मीबाई पंढरपुरात नातलगांकडे होत्या. पुढे दोघे पुन्हा एकत्र आली, आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. पतीच्या निधनानंतर पुष्कळ वर्षांनी त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. पहिला भाग १९३४ मध्ये आला. मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्र म्हणून आपण तिचे कौतुक करतो, आणि आपल्या ख्रिस्ती समाजाला तर तिचा अभिमानच आहे. पण ते पुस्तक एका जोडप्याच्या प्रवासाचे पुस्तक आहे, या अंगाने मी ते कधी वाचले नव्हते. गावामागून गावे, बदललेली बिऱ्हाडे, आगगाडीचे डबे, कुणाला न सांगता निघून जाणारा आणि हातचे सगळे देऊन मोकळा होणारा नवरा. आणि या सगळ्याकडे पाहणारी, चिडणारी, हसणारी, शेवटपर्यंत आपले डोळे आपल्याजवळ ठेवणारी बायको. त्या टिळकांना देव करत नाहीत आणि खलनायकही करत नाहीत. त्या त्यांना समोर ठेवतात. जिथे त्या पतीशी सहमत झाल्या तिथेही आपण त्यांच्या मागे गेलो असे त्या म्हणत नाहीत, आपल्या पावलांनी तिथे पोहोचलो असे म्हणतात. 'आम्ही' हा शब्द त्यांच्याकडे कमावलेला आहे. म्हणूनच तो वाचकाला खरा वाटतो.

रुक्मिणीच्या देवळापाशी आम्ही बराच वेळ बसलो होतो. आमच्या वसईत वाटेवर जागोजागी क्रूस आहेत. संध्याकाळी तिथे मेणबत्ती लावणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, आणि पुरुष सायकलवरून जाता जाता कपाळाला हात लावतात. याची आठवण तिला तिथे का झाली ते मी विचारले नाही. अंधार पडल्यावर सोलापूरचा रस्ता धरला. मंगळवेढ्याची पाटी लागली तेव्हा मी आपणहून गाडी हळू केली. ती झोपली होती.

हा लेख लिहून झाल्यावर मी तिला वाचायला दिला. तिने तांबड्या पेनाने सहा ठिकाणी 'आम्ही' खोडून 'मी' केले. त्यांतल्या चार दुरुस्त्या मी मान्य केल्या. उरलेल्या दोनांवर वाद चालू आहे. अकलूजचा परिच्छेद तिला मुळीच पसंत नाही. त्या मुलांच्या चेहऱ्याकडे तुम्ही पाहिलेच नाही, असे तिचे म्हणणे आहे, आणि ते इथे तिच्या सांगण्यावरून छापतो आहे.